शून्य तिकिटाचा हिशेब

आमच्या मम्मीच्या प्रार्थनापुस्तकात हल्ली संतांच्या चित्रांपेक्षा बसची तिकिटं जास्त सापडतात. बोटभर लांबीची, पातळ, कंडक्टरच्या मशीनमधून निघालेली. कुठून कुठे ते लिहिलेलं असतं आणि रकमेच्या जागी शून्य. दोन-तीन महिन्यांत त्यांच्यावरची शाई उडून जाते, तरी ती टाकत नाही. मी विचारलं तर म्हणाली, "एवढ्या लांब जाऊन आले आणि पैसे नाही लागले, ह्याचा पुरावा नको काय रे?"

दुसरीकडे कॉलेजच्या कट्ट्यावर याच तिकिटावरून आमची भांडणं होतात. एक मित्र म्हणाला, "बायकांना फुकट, आणि भुर्दंड आपल्याला. वर उभं पण आपणच राहायचं." त्यावर वर्गातली एक मुलगी म्हणाली, "मग घरी जाऊन तुझ्या आईला सांग की तिकीट काढायला." सगळे हसले आणि विषय तिथंच संपला. माझ्या डोक्यातून मात्र तो गेला नाही. मी साहित्याचा विद्यार्थी, आकडेमोडीशी माझं फारसं जमत नाही. पण 'फुकट' हा शब्द खटकत राहिला. फुकट म्हणजे ज्याची किंमत कुणीच देत नाही ते. बसचं तसं असतं का? म्हणून हा हिशेब मांडून बघायचं ठरवलं.

दोन रकाने

सुरुवात कुठून करायची ते कळत नव्हतं, तेव्हा एक पद्धत उपयोगी पडली. ब्रिटनमध्ये २०१० चा समानता कायदा आहे. त्यानुसार सरकारी संस्थांना कुठलाही निर्णय घेताना त्याचा स्त्रिया, वृद्ध, अपंग, अल्पसंख्याक अशा वेगवेगळ्या लोकांवर काय परिणाम होईल याचा विचार करावाच लागतो. त्यामुळे तिथे बससेवेत काही बदल करायचा म्हटलं की दोन गोष्टी कागदावर मांडायची रीत पडली आहे. यानं समानता वाढेल की कमी होईल? आणि याचा खर्च किती, तो कुणावर पडेल?

आपण वहीत दोन रकाने पाडू. एकात समानता, दुसऱ्यात खर्च. आणि त्यात आपल्या बेळगावातल्या रोजच्या बसला बसवून बघू.

योजना नेमकी काय आहे

कर्नाटक सरकारनं ११ जून २०२३ रोजी 'शक्ती' योजना सुरू केली. राज्याच्या चारही परिवहन महामंडळांना ती लागू आहे. आपल्या भागात धावते ती वायव्य कर्नाटक रस्ते परिवहन महामंडळाची बस. त्याचं मुख्य कार्यालय हुबळीला. कर्नाटकात राहणारी कुठलीही स्त्री, मग ती विद्यार्थिनी असो, कामगार असो की आजी, राज्याच्या हद्दीत साध्या बसमधून विनाशुल्क प्रवास करू शकते. तृतीयपंथी व्यक्तींनाही हा हक्क आहे, आणि ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. एसी, स्लीपर, आरामगाड्या यांत ही सोय नाही. परराज्यात जाणाऱ्या बसमध्येही नाही.

ओळखपत्र दाखवायचं, कंडक्टर शून्य तिकीट देतो. आता प्रश्न असा की पैसेच घ्यायचे नाहीत तर तिकीट कशाला? कारण खरा हिशेब त्या तिकिटातच आहे. बाई कुठे चढली, कुठे उतरणार, त्या अंतराचं भाडं किती होतं, हे मशीनमध्ये नोंदलं जातं. महामंडळ त्याची बेरीज करून सरकारकडे पैसे मागतं. म्हणजे मम्मीच्या पुस्तकातलं ते तिकीट एक प्रकारे सरकारच्या नावावर फाडलेलं बिलच आहे. जवळच उतरायचंय म्हणून कुणी तिकीट न घेताच उतरली, तर त्या प्रवासाचे पैसे महामंडळाला मिळत नाहीत. कंडक्टर "ताई, तिकीट घ्या, तिकीट घ्या" म्हणून मागे का लागतो, ते मला हे वाचल्यावर कळलं.

पहिला रकाना: समानता

बसचं भाडं हा बायकांचा वेगळा प्रश्न का मानायचा? गरीब पुरुष नाहीत का? हा कट्ट्यावरचा खरा मुद्दा आहे आणि त्याला टाळून चालणार नाही.

आपापल्या घरात बघा. घरात एकच दुचाकी असेल तर ती सकाळी कोण घेऊन जातं? बहुतेक घरांत पप्पा किंवा दादा. मागे राहिलेल्यांनी चालायचं, रिक्षा करायची, नाही तर बस पकडायची. २०११ च्या जनगणनेत कामावर जाण्याची साधनं नोंदली गेली होती. त्यातही दिसतं की चालत कामाला जाणाऱ्यांचं प्रमाण स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा बरंच जास्त आहे. चालत जायचं म्हणजे काम जवळ मिळेल तेच घ्यायचं. चार मैलांवर जास्त मजुरी मिळत असली तरी जाण्यायेण्याचा खर्च वजा केला की हातात तेवढंच उरतं.

दुसरी गोष्ट प्रवासाच्या तऱ्हेची. पुरुषाचा प्रवास साधारण सरळ असतो. घर ते काम, काम ते घर. बाईचा प्रवास तुकड्यातुकड्यांचा. पोराला शाळेत सोडून बाजार, बाजारातून दवाखाना, तिथून घर. प्रत्येक तुकड्याला नवं तिकीट. भाडं दहाच रुपये असलं तरी ते चारदा मोडावं लागतं. त्यामुळे तिकिटाचे पैसे वाचले की त्याचा फायदा बाईला जास्त वेळा होतो.

तिसरी गोष्ट बोलायला जरा अवघड आहे. पुष्कळ घरांत बाईला बसच्या पैशांसाठी हात पुढे करावा लागतो. पैसे मागितले की "कशाला जायचंय?" हा प्रश्न येतो. तिकीट शून्य झालं तेव्हा वीस-तीस रुपये वाचले, हे खरंच. पण त्याबरोबर तो प्रश्नही बऱ्याच घरांतून गेला. पैशात मोजता न येणारी ही गोष्ट आहे, म्हणून पहिल्या रकान्यात ती ठळक लिहायला हवी.

आता पुरुषांची बाजू. बांधकामावरचा मजूर, दिव्यांग भाऊ, पेन्शन नसलेले आजोबा, हे काही श्रीमंत नव्हेत. काहींना इतर सवलती आहेत, विद्यार्थ्यांना पास आहे, पण शून्य तिकीट नाही. उलट स्वतःची गाडी असलेल्या बाईलाही हवं तेव्हा शून्य तिकीट मिळतं. हा दोष खराच. पण उत्पन्नाचे दाखले तपासत बसलं तर काय होतं तेही आपण जाणतो. कागद गोळा करण्यात सगळ्यात मागे तीच बाई राहते जिला गरज सगळ्यात जास्त. सरसकट दिल्यानं काही पैसे नको तिथे जातात, पण गरजू बाई रांगेत अडकून पडत नाही. आणि ज्यांना परवडतं त्यांतल्या बऱ्याच जणी गर्दीच्या साध्या बसमध्ये चढतच नाहीत. सरकारनं पुरुषांची तक्रार आधीच ओळखून लांब पल्ल्याच्या साध्या बसमध्ये निम्म्या जागा पुरुषांसाठी ठेवायचंही ठरवलं होतं. गर्दीच्या वेळी तो नियम किती पाळला जातो, हे बसमध्ये बसणाऱ्यांनीच सांगावं.

हद्दीवरची गोष्ट

समानतेच्या रकान्यात आपल्या भागाचा एक वेगळाच प्रश्न आहे. बेंगळूरला बसून तो दिसणार नाही.

बेळगाव-वेंगुर्ला रस्ता डोळ्यांसमोर आणा. हिंडलगा, सुळगा, उचगावचा फाटा, बाची, आणि मग शिनोळी. बाचीपर्यंत कर्नाटक, शिनोळीपासून महाराष्ट्र, चंदगड तालुका. दोन्हीकडची माणसं मराठी बोलणारी, दोन्हीकडच्यांचा बाजार बेळगाव.

महाराष्ट्रानं १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट केलं, आणि त्याआधी २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास दिला. पण ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. इकडची शक्ती योजना पत्त्यावर चालते, तिकडची सवलत हद्दीवर थांबते. आता समजा, एका बाईचं माहेर उचगाव आणि सासर शिनोळी. अशी लग्नं आपल्याकडे कितीतरी. लग्नानंतर आधार कार्डावरचा पत्ता बदलला. लग्नाआधी याच रस्त्यानं ती शून्य तिकिटावर बेळगावला आली असती. आता कर्नाटकच्या बसमध्ये चढली तर पूर्ण तिकीट, एसटीत चढली तर शिनोळीच्या हद्दीपर्यंत अर्धं आणि पुढे पूर्ण. रस्ता तोच, बाजार तोच, डोक्यावरची पाटीही तीच.

कायद्यानं यात कुणाचीच चूक नाही. प्रत्येक राज्य आपल्या कराचा पैसा आपल्या रहिवाशांवर खर्च करणार. पण पत्ता बदलणं हे आपल्या समाजात बाईच्याच वाट्याला येतं, पुरुषाच्या नाही. बायकांसाठी आखलेल्या योजनेत बायकांच्याच आयुष्यातली ही गोष्ट सुटून गेली. त्यातच सीमेवर जरा तणाव झाला की पहिल्यांदा बंद पडते ती दोन राज्यांमधली बस. तेव्हा शून्य, अर्धं आणि पूर्ण, तिन्ही तिकिटं सारखीच निरुपयोगी होतात.

दुसरा रकाना: खर्च

आता आकडे. २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात कर्नाटकानं शक्ती योजनेसाठी ५,०१५ कोटी रुपये ठेवले, २०२५-२६ साठी ५,३०० कोटी. जुलै २०२५ मध्ये शून्य तिकिटांची संख्या ५०० कोटींवर गेली आणि त्या सगळ्या प्रवासांचं भाडं सरकारी आकड्यांनुसार साडेबारा हजार कोटींच्या पुढे गेलं. मी फोनवर भागाकार करून बघितला. एका प्रवासाला साधारण २५ रुपये पडतात. म्हणजे बहुतेक जणी धर्मस्थळाच्या सहलीलाच जातात, हे जे बोललं जातं त्यात फार दम नाही. सहली होतात, का होऊ नयेत? पण सरासरी २५ रुपयांवर येते याचा अर्थ बहुतेक प्रवास रोजचे, जवळचे आहेत. कामाचे, बाजाराचे, दवाखान्याचे.

इथे खर्चाबद्दल एक गोष्ट समजून घ्यायला हवी. समजा पन्नास सीटची बस वीस माणसं घेऊन निघाली. वाटेत आणखी दहा बायका चढल्या. डिझेल जवळपास तेवढंच, ड्रायव्हर-कंडक्टरचा पगार तेवढाच. म्हणजे त्या दहा जणींमुळे झालेला जादा खर्च अगदी थोडा. पण बस आधीच भरलेली असेल आणि आणखी वीस जणी थांब्यावर उभ्या असतील, तर दुसरी बस काढावी लागते. तिला नवी गाडी, नवा ड्रायव्हर, नवं डिझेल, सगळंच हवं. म्हणून रिकाम्या बसमधलं शून्य तिकीट स्वस्त पडतं आणि भरलेल्या बसमधलं महाग. योजना यशस्वी झाली की ती आपोआप महाग होत जाते. ५,३०० कोटींमध्ये तिकिटांची भरपाई आहे. जादा बस आणि जादा माणसं यांची तरतूद वेगळी करावी लागते, आणि ती झाली नाही की गर्दी वाढते. गर्दी हाही खर्चच आहे. तो रुपयांत न देता दारात लटकून दिला जातो, आणि त्यात पोटुशी बाई, म्हातारी माणसं, काठी घेऊन चालणारा माणूस हे आधी मागे पडतात.

मग भाडेवाढ. ५ जानेवारी २०२५ पासून कर्नाटकात बसभाडं १५ टक्क्यांनी वाढलं. चाळीस रुपयांच्या तिकिटाला शेहेचाळीस. "बघ, बायकांचे पैसे आपल्याकडून काढले," असं मित्र म्हणाला ते यावरूनच. पण आपल्या महामंडळाचं भाडं त्याआधी २०२० मध्ये वाढलं होतं. मधल्या पाच वर्षांत दूध, डिझेल, वह्या, सगळंच वाढलं. आणि त्याच महिन्यात, २५ जानेवारीपासून, महाराष्ट्रातल्या एसटीचं भाडंही १४.९५ टक्क्यांनी वाढलं. तिथे शून्य तिकीट नव्हतं, तरी वाढ जवळजवळ तेवढीच. त्यामुळे सगळा दोष शक्ती योजनेवर टाकता येत नाही. एवढं मात्र खरं, की वाढ झाली तेव्हा ती फक्त तिकीट काढणाऱ्यांवर पडली, म्हणजे पुरुषांवर. आणि हो, त्या शिनोळीच्या बाईवरही.

खर्चाच्या रकान्यात आणखी दोन नावं लिहायची राहिली. पहिलं बस चालवणाऱ्यांचं. ५ ऑगस्ट २०२५ रोजी परिवहन कर्मचाऱ्यांनी संप पुकारला होता. त्यांची मोठी मागणी होती ३८ महिन्यांच्या वाढीव पगाराच्या थकबाकीची. उच्च न्यायालयाच्या हस्तक्षेपानंतर तो संप थांबला. ही थकबाकी जानेवारी २०२० पासूनची, म्हणजे शक्ती योजनेच्या आधीची. म्हणून ती योजनेच्या नावावर लिहिणं बरोबर नाही. पण महामंडळाच्या हातात पैसा कमी पडला की आधी कुणाचं देणं पुढे ढकललं जातं, ते यातून दिसतं. सरकारकडून भरपाई वेळेवर आली नाही तर तीच पाळी पुन्हा येणार.

दुसरं नाव रिक्षा आणि टेम्पोवाल्यांचं. बायका बसकडे वळल्या तेव्हा त्यांची गिऱ्हाइकं गेली. ११ सप्टेंबर २०२३ रोजी बेंगळुरात खासगी वाहतूकदारांनी बंद पाळला, त्यामागे हेच कारण होतं. खासगी बसलाही योजनेत घ्या किंवा आमचं नुकसान भरून द्या, असं ते म्हणत होते. रिक्षाचा हप्ता भरणारा माणूसही कुणाचा तरी पप्पा असतो.

तिकीट आणि बस

दोन्ही रकाने भरून झाल्यावर मला वाटतं की आम्ही कट्ट्यावर चुकीच्या गोष्टीवर भांडत होतो. तिकीट शून्य असावं की नसावं, यावर आमचा सगळा जोर. बस आहे की नाही, हे कुणी विचारतच नव्हतं.

गोव्याचं उदाहरण घ्या. १९७८-७९ मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांनी मोठं आंदोलन करून बसभाड्यात ५० टक्के सवलत मिळवली. पाठोपाठ १९८० मध्ये कदंब परिवहन महामंडळ उभं राहिलं. मला त्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी सवलत मागितली गेली, मग सरकारची स्वतःची बस आली. बस खासगी मालकाची असेल, तर कमी भाडं देणारा पोरगा त्याला नकोसाच होणार. सवलत टिकवायची तर ती मानणारी बस रस्त्यावर असावी लागते.

आपल्याकडे तशी बस आहे, हे भाग्यच. पण खेड्यातल्या एखाद्या मुलीला शहरात संध्याकाळी साडेसातपर्यंतचं काम मिळालं आणि गावाकडची शेवटची बस सातला असेल, तर शून्य तिकिटाचा तिला काय उपयोग? तिच्यासाठी समानता म्हणजे साडेआठची बस. थांब्यावर दिवा, चढायला खालची पायरी, बस नक्की येणार याची खात्री. या गोष्टी तिकिटावर छापलेल्या नसतात, म्हणून त्यांच्या घोषणाही होत नाहीत. पैसेही त्यांनाच जास्त लागतात.

माझं मत विचाराल तर शून्य तिकीट राहावं. पण अर्थसंकल्पात भरपाईच्या आकड्याशेजारी जादा बसचा आणि जादा कर्मचाऱ्यांचा आकडाही दरवर्षी छापून यावा. आणि शिनोळी-बाचीसारख्या ठिकाणी दोन राज्यांनी बसून पंधरा-वीस किलोमीटरपुरती एकमेकांची सवलत मान्य करावी. दोन्हीकडच्या बस एकमेकांच्या हद्दीत धावतातच की, मग सवलतीलाच हद्द का?

मम्मीच्या पुस्तकातली बहुतेक तिकिटं खानापूरची आहेत. तिथे माझी मोठी मावशी राहते. मागच्या वर्षी तिचा एक हात आणि पाय लुळा पडला. पूर्वी मम्मी दोन महिन्यांतून एकदा जायची, आता दर गुरुवारी जाते. तिला आंघोळ घालते, केस विंचरते, पेज करून देते आणि संध्याकाळच्या बसनं परत येते. या कामाचा पगार नाही, कुठल्या आकड्यात ते धरलंही जात नाही. तिच्या प्रवासाचे २५-३० रुपये मात्र सरकारच्या खात्यात खर्च म्हणून लिहिले जातात. मी हे तिला समजावून सांगितलं, तर म्हणाली, "म्हणजे माझ्या तिकिटाचे पैसे कोणतरी देतंय म्हण की." मी म्हटलं, हो, तू-मी दुकानात काही घेताना जो कर भरतो, त्यातूनही जातात. ती जरा विचारात पडली. मग म्हणाली, "मग फुकट कसलं रे? आपलंच आहे की."

पप्पांना अजून पूर्ण तिकीट आहे. ते म्हणतात, "तू जाऊन ये. माझा नमस्कार सांग मावशीला."